सलीम अली

सलीम मोइझुद्दीन अब्दुल अली (१२ नोव्हेंबर १८९६ – २० जून १९८७) हे भारतीय पक्षिशास्त्रज्ञ, निसर्गअभ्यासक आणि लेखक होते. भारतातील पक्ष्यांचे पद्धतशीर सर्वेक्षण करणाऱ्या आरंभीच्या भारतीय संशोधकांत त्यांचे स्थान अग्रभागी आहे. संग्रहालयातील कातड्यांची मोजमापे आणि नामकरण यांत गुंतलेले पक्षिशास्त्र त्यांनी जिवंत पक्ष्याकडे आणि त्याच्या परिसराकडे वळवले. 'द बुक ऑफ इंडियन बर्ड्स' हा त्यांचा ग्रंथ आणि एस. डिलन रिप्ली यांच्यासह सिद्ध केलेला दहा खंडांचा पक्षिकोश यांमुळे भारतात पक्षिनिरीक्षणाचा पाया घातला गेला. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी (बीएनएचएस) या संस्थेशी त्यांचा संबंध बालपणापासून अखेरपर्यंत राहिला. केवलादेव (भरतपूर) येथील पाणथळ प्रदेश आणि केरळातील सायलेंट व्हॅलीचे अरण्य यांच्या रक्षणात त्यांचा मोठा वाटा होता. भारत सरकारने त्यांना पद्मभूषण (१९५८) आणि पद्मविभूषण (१९७६) हे सन्मान दिले.

बालपण

सलीम अली यांचा जन्म मुंबईत एका सुलेमानी बोहरा कुटुंबात झाला. मोइझुद्दीन आणि झीनत-उन-निसा यांच्या अपत्यांपैकी ते सर्वांत धाकटे. ते एक वर्षाचे असताना वडिलांचे आणि तीन वर्षांचे असताना आईचे निधन झाले. पोरक्या झालेल्या या भावंडांचा सांभाळ मामा अमिरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमीदा बेगम यांनी खेतवाडीतील आपल्या घरी केला. या दांपत्याला स्वतःचे मूल नव्हते. स्वातंत्र्यसैनिक अब्बास तय्यबजी हेही त्यांच्या मातुल घराण्यातले होते.

अमिरुद्दीन हे शिकारीचे शौकीन आणि बीएनएचएसचे सभासद होते. त्यांनी भाच्याला छऱ्याची छोटी बंदूक दिली होती. सुमारे दहा वर्षांच्या सलीमने या बंदुकीने एक चिमणी टिपली. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता आणि नेहमीच्या घरचिमणीपेक्षा ती वेगळी दिसत होती. ती कोणती, हे मामांनाही सांगता येईना. त्यांनी मुलाला चिठ्ठी देऊन संस्थेचे मानद सचिव डब्ल्यू. एस. मिलार्ड यांच्याकडे पाठवले. मिलार्ड यांनी तो पक्षी म्हणजे पीतकंठी रानचिमणी असल्याचे सांगितले, संस्थेतील पेंढा भरलेल्या पक्ष्यांचा संग्रह दाखवला, वाचायला पुस्तके दिली आणि पक्ष्याचे कातडे टिकवून नमुना तयार करण्याची विद्या शिकण्याची सोय करून दिली. संस्थेचे पहिले पगारी अभिरक्षक नॉर्मन बॉइड किनियर यांच्याशीही त्यांचा परिचय तेथेच झाला. पुढे १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'द फॉल ऑफ अ स्पॅरो' या आत्मचरित्राला त्यांनी याच चिमणीवरून नाव दिले.

शिक्षण आणि ब्रह्मदेशातील वास्तव्य

सलीम अली यांचे प्राथमिक शिक्षण गिरगावातील मिशनच्या शाळेत व पुढील शिक्षण सेंट झेविअर्समध्ये झाले. वयाच्या तेराव्या वर्षाच्या सुमारास त्यांना डोकेदुखीचा दीर्घ विकार जडला आणि शाळेत वारंवार खंड पडू लागला. कोरड्या हवेचा उपयोग होईल या आशेने त्यांना काही काळ सिंधमध्ये नातेवाइकांकडे पाठवण्यात आले. १९१३ मध्ये ते मुंबई विद्यापीठाची मॅट्रिकची परीक्षा जेमतेम उत्तीर्ण झाले.

सेंट झेविअर्स महाविद्यालयातील पहिले वर्ष जड गेल्याने त्यांनी शिक्षण सोडले आणि कुटुंबाच्या वुल्फ्रॅम खाणी व लाकडाचा व्यवसाय पाहण्यासाठी ते ब्रह्मदेशातील तावॉय येथे गेले. व्यवसायात त्यांचे मन फारसे रमले नाही. मात्र सभोवतालच्या घनदाट पावसाळी अरण्याने त्यांना निसर्गनिरीक्षणाची सवय लावली. १९१७ मध्ये मुंबईस परतल्यावर त्यांनी दावर महाविद्यालयात व्यापारी कायदा व हिशेबशास्त्राचा अभ्यास सुरू केला. त्यांचा खरा कल ओळखून सेंट झेविअर्समधील जीवशास्त्रज्ञ फादर एथेलबर्ट ब्लॅटर यांनी त्यांना प्राणिशास्त्राकडे वळवले. सकाळी एका महाविद्यालयात वाणिज्य आणि नंतर दुसऱ्यात प्राणिशास्त्र अशा दुहेरी अभ्यासातून त्यांनी प्राणिशास्त्राचा अभ्यासक्रम पूर्ण केला. विद्यापीठाची पदवी मात्र त्यांच्याजवळ नव्हती.

डिसेंबर १९१८ मध्ये त्यांचा विवाह दूरच्या नात्यातील तेहमिना बेगम यांच्याशी झाला. तेहमिना यांचे शिक्षण इंग्लंडमध्ये झाले होते. साहित्याची आवड, निसर्गाची ओढ आणि गैरसोयी हसत सोसण्याची तयारी हे त्यांचे गुण पतीच्या पुढील आयुष्याला मोठा आधार ठरले.

नोकरी, बर्लिन आणि बेकारी

पदवी नसल्याचा फटका सलीम अली यांना लवकरच बसला. भारतीय प्राणी सर्वेक्षण विभागातील पक्षिशास्त्रज्ञाचे पद त्यांना याच कारणाने मिळू शकले नाही. १९२६ मध्ये मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स संग्रहालयात नव्याने उघडलेल्या निसर्गेतिहास दालनात त्यांची मार्गदर्शक-व्याख्याता म्हणून नेमणूक झाली. वेतन दरमहा साडेतीनशे रुपये होते. शाळकरी मुलांना प्राण्यांविषयी सांगण्याचे हे काम ते मनापासून करीत; परंतु शास्त्र म्हणून पक्ष्यांचा अभ्यास करायचा तर शिस्तबद्ध प्रशिक्षण हवे, हे त्यांना जाणवू लागले होते.

१९२८ मध्ये अभ्यासरजा घेऊन त्यांनी जर्मनीची वाट धरली. बर्लिन विद्यापीठाच्या प्राणिसंग्रहालयातील एर्विन स्ट्रेसमान यांनी त्यांना आपल्या हाताखाली घेतले. स्ट्रेसमान हे त्या काळातील आघाडीचे पक्षिशास्त्रज्ञ होते. पक्ष्याची शरीररचना, वर्तन आणि परिसर यांचा एकत्र विचार करण्याची दृष्टी त्यांच्या वर्तुळात विकसित होत होती. पुढे उत्क्रांतिशास्त्रात नाव मिळवलेले एर्न्स्ट मायर आणि बर्नहार्ड रेन्श हेही याच वर्तुळातले. हेलिगोलंड बेटावर पक्ष्यांच्या पायांत कडी घालून त्यांच्या स्थलांतराचा माग कसा काढतात, हे सलीम अली यांनी तेथेच पाहिले. स्ट्रेसमान यांना ते अखेरपर्यंत गुरू मानत राहिले.

१९३० मध्ये ते मायदेशी परतले तेव्हा निधीअभावी त्यांचे संग्रहालयातील पद रद्द झालेले होते. वय चौतिसाव्या वर्षाकडे झुकलेले, हाती पदवी नाही, नोकरी नाही आणि देशात पगारी पक्षिशास्त्रज्ञासाठी जागाही जवळजवळ नाही, अशी त्यांची अवस्था होती. मुंबईतला खर्च परवडेना. तेव्हा त्यांनी पत्नीसह कुलाबा (आताच्या रायगड) जिल्ह्यातील अलिबागजवळच्या किहीम या समुद्रकाठच्या गावी बिऱ्हाड हलवले. नाइलाजाने घेतलेला हा निर्णय त्यांच्या शास्त्रीय कीर्तीचा आरंभ ठरला.

किहीम येथील संशोधन

सुगरण पक्ष्याचे विणीचे वर्तन

किहीमच्या घराजवळच सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. १९३० च्या पावसाळ्यात सलीम अली यांनी या वसाहतीचे रोज तासन्‌तास निरीक्षण केले. कोणता नर कोणते घरटे विणतो, कोणती मादी कधी येते आणि पुढे काय होते, याची क्रमवार नोंद त्यांनी ठेवली.

महाराष्ट्रात विहिरीवर वा ओढ्यावर झुकलेल्या बाभळीच्या आणि शिंदीच्या झाडांना लोंबणारे सुगरणीचे खोपे सर्वांच्या परिचयाचे आहेत. नावावरून आणि बहिणाबाई चौधरी यांच्या सुपरिचित कवितेमुळे हे घरटे मादी विणते असा समज मराठी मनात रुजलेला आहे. प्रत्यक्षात विणकर असतो तो नर. भाताच्या आणि लांब पात्यांच्या गवताच्या चिरफळ्या काढून तो घरटे विणू लागतो. शिरस्त्राणासारखा आकार येईपर्यंत घरटे विणून झाले की तो थांबतो आणि पंख फडफडवून माद्यांना बोलावतो. मादी येऊन बांधकाम पारखते. एखादे पसंत पडले तर ती त्याचा ताबा घेते आणि आतल्या बाजूची सजावट स्वतः करते. त्यानंतरच नर खालची लांब नळी विणून घर पूर्ण करतो. मादी अंड्यांवर बसली की तो जवळच दुसरे घरटे सुरू करतो आणि दुसऱ्या मादीची वाट पाहू लागतो. ज्या घरट्याला कोणतीही मादी पसंती देत नाही, ते अर्धवटच राहते.

एका हंगामात एकामागून एक जोडीदार करण्याची ही पद्धत, म्हणजेच क्रमिक बहुपत्नीकत्व, या पक्ष्याबाबत सलीम अली यांनी प्रथमच स्पष्ट करून दाखवली. वसाहतीत अर्धवट घरटी इतकी का आढळतात, या जुन्या कोड्याचा उलगडाही त्यातून झाला. पूर्वी ही घरटी नराच्या विश्रांतीसाठी असतात असे मानले जाई. या विणीचा काळ पावसाशी बांधलेला असतो. लांब हिरवी पाती आणि पिलांना भरवण्यासाठी कीटक हे दोन्ही त्याच दिवसांत मुबलक मिळतात. म्हणून पक्ष्याचे वर्तन समजून घ्यायचे तर त्याचे शेत, झाड आणि ऋतू यांच्यासह ते पाहावे लागते, हा या अभ्यासाचा मथितार्थ होता. संस्थेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या या निबंधाने त्यांचे नाव पक्षिशास्त्राच्या जगात पोहोचवले.

बांडगूळ, शिंजीर आणि फुलटोचा

कोकणातील आंब्यावर वाढणाऱ्या बांडगुळाचा प्रसार पक्ष्यांमार्फत कसा होतो, यावरही सलीम अली यांनी १९३१ मध्ये निबंध लिहिला. बांडगुळाच्या नळीसारख्या फुलांत शिंजीर म्हणजेच सूर्यपक्षी मधासाठी चोच घालतात आणि त्यांच्या कपाळाला लागलेले पराग एका फुलावरून दुसऱ्या फुलावर जातात. फळे पिकल्यावर फुलटोचा हा इवलासा पक्षी ती गिळतो. फळातला गर पचतो, पण चिकट बी विष्ठेवाटे बाहेर पडते आणि फांदीला चिकटून तेथेच रुजते. अशा रीतीने एका वनस्पतीचे परागीभवन एक पक्षी करतो आणि बीजप्रसार दुसरा. यजमान असलेल्या आंब्याला मात्र याची किंमत मोजावी लागते.

पुढच्याच वर्षी, १९३२ मध्ये, भारतातील फुलांवर येणारे पक्षी आणि पक्ष्यांवर अवलंबून असणारी फुले यांवरचा त्यांचा विस्तृत निबंध प्रसिद्ध झाला. पळस, पांगारा, काटेसावर यांसारखी झाडे पानगळीच्या काळात लाल-केशरी फुलांनी बहरतात, तेव्हा त्यांवर मैना, कोतवाल, बुलबुल, शिंजीर अशा अनेक पक्ष्यांची झुंबड उडते. हे पक्षी केवळ मध पिण्यास आलेले पाहुणे नसून त्या झाडांच्या पुनरुत्पादनाचे साधनही आहेत, हे त्यात नोंदींच्या आधारे मांडलेले होते. पक्षी उपयुक्त की उपद्रवी, असा सरधोपट निवाडा देण्याऐवजी त्याचे नाते कोणाशी आणि कोणत्या ऋतूत आहे हे तपासावे, ही त्यांची भूमिका या निबंधांतूनच आकाराला आली. भारतात परिस्थितिविज्ञान हा शब्दही फारसा रूढ नसतानाच्या काळातले हे काम आहे.

संस्थानांतील पक्षिसर्वेक्षणे

नोकरी मिळत नाही हे पाहून सलीम अली यांनी एक वेगळी योजना आखली. संस्थानिकांनी आपापल्या प्रदेशातील पक्ष्यांच्या पाहणीसाठी प्रवासाचा व मुक्कामाचा खर्च द्यावा. आपण पाहणीचे काम विनावेतन करू, असा प्रस्ताव त्यांनी मांडला. बीएनएचएसच्या पाठबळाने हैदराबाद संस्थानाचे सर्वेक्षण प्रथम झाले. आजचा मराठवाडा त्या काळी याच संस्थानात होता. त्यानंतर कोचीन, त्रावणकोर, ग्वाल्हेर, इंदूर, भोपाळ, म्हैसूर, कच्छ अशी सर्वेक्षणे होत गेली. ब्रिटिश पक्षिशास्त्रज्ञ ह्यू व्हिस्लर यांनी या नमुन्यांच्या अभ्यासात साहाय्य केले.

या मोहिमांत पक्ष्यांचे नमुने गोळा केले जात, त्यासाठी बंदूकही वापरली जाई. सलीम अली यांनी हे कधी लपवले नाही. ओळखीचा शास्त्रीय आधार म्हणून मर्यादित नमुने आवश्यक आहेत असे त्यांचे मत होते. परंतु त्यांच्या नोंदी नमुन्याच्या मापांवर थांबत नसत. पक्षी कोणत्या उंचीवर, कोणत्या झाडोऱ्यात, काय खाताना, कोणाच्या संगतीत आणि कोणत्या महिन्यात दिसला, हे सर्व त्यांत येत असे. उपजातींच्या नावांवरून चालणाऱ्या वादांत त्यांना रस नव्हता. आपले कुतूहल जिवंत पक्ष्याविषयी आहे, असे ते सहकाऱ्यांना कळवीत.

तंबूतील या खडतर आयुष्यात तेहमिना त्यांच्या सोबत असत. मुक्कामाची व्यवस्था, हिशेब आणि पतीच्या इंग्रजी लेखनावरील संस्कार ही कामे त्यांनी सांभाळली. १९३९ मध्ये एका किरकोळ शस्त्रक्रियेनंतर त्यांचे निधन झाले. हा आघात सलीम अली यांना फार मोठा होता. त्यांनी पुन्हा विवाह केला नाही. मुंबईत बहीण कम्मू आणि मेव्हणे हसन अली यांच्या घरी ते राहू लागले आणि उरलेली सुमारे अठ्ठेचाळीस वर्षे त्यांनी पूर्णतः कामाला वाहिली. केरळात आढळणाऱ्या सोनपाठी सुताराच्या एका उपजातीला व्हिस्लर व किनियर यांनी तेहमिना यांचे नाव दिले आहे.

१९४५ मध्ये कच्छच्या मोठ्या रणातील रोहित पक्ष्यांच्या वीणस्थळाची त्यांनी पाहणी केली. खाऱ्या चिखलात मातीचे बुटके मनोरे रचून लाखोंच्या संख्येने वसणाऱ्या या पक्ष्यांची वीण पावसाच्या पाण्यावर अवलंबून असते. पाणी पुरेसे साचले नाही तर त्या वर्षी वीण होत नाही. हिमालयाच्या पायथ्याच्या तराईत दीर्घकाळ बेपत्ता मानल्या गेलेल्या फिनच्या सुगरणीचा शोधही त्यांनी पुन्हा लावला. हिमालयातील पहाडी लाव्याचा शोध मात्र अनेक प्रयत्नांनंतरही लागला नाही.

सातपुडा आणि पक्ष्यांचा प्रसार

सह्याद्रीच्या दक्षिण भागातील काही पक्षी पूर्व हिमालयातील पक्ष्यांशी जवळचे साम्य दाखवतात, पण मधल्या विस्तीर्ण कोरड्या प्रदेशात ते आढळत नाहीत. महाधनेश हे याचे ठळक उदाहरण. हा तुटक प्रसार कसा घडला, हा प्रश्न पक्ष्यांप्रमाणेच मासे आणि वनस्पती यांच्या अभ्यासकांनाही पडलेला होता. मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी अधिक ओलसर हवामानाच्या काळात सातपुडा-विंध्य पर्वतराजी हा जीवजातींचा मार्ग असावा, असे गृहीतक मांडले. सलीम अली यांनी १९४९ मध्ये सातपुड्याच्या रांगेचा पक्ष्यांच्या प्रसारमार्गाच्या दृष्टीने विचार करून या चर्चेत भर घातली. पुढील काळात या गृहीतकावर बरीच मतभिन्नता झाली. तरीही मध्य भारतातील आणि विदर्भाच्या उत्तरेकडील डोंगररांगा जीवप्रसाराच्या इतिहासात महत्त्वाच्या आहेत, याकडे त्यामुळे अभ्यासकांचे लक्ष वेधले गेले.

ग्रंथलेखन

१९४१ मध्ये प्रसिद्ध झालेले 'द बुक ऑफ इंडियन बर्ड्स' हे त्यांचे सर्वांत लोकप्रिय पुस्तक होय. प्रत्येक पक्ष्याचे रंगीत चित्र, ओळखीच्या खुणा, सवयी आणि घरटे यांची सुबोध माहिती एका पुस्तकात मिळू लागल्याने सामान्य वाचक प्रथमच पक्षिनिरीक्षणाकडे वळला. तुरुंगात असताना जवाहरलाल नेहरूंनी या पुस्तकाची प्रत इंदिरा गांधींना भेट दिली होती. पुस्तकाच्या अनेक सुधारित आवृत्त्या निघाल्या असून ते आजही वापरात आहे.

कच्छ, त्रावणकोर-कोचीन, सिक्कीम येथील आणि डोंगराळ प्रदेशांतील पक्ष्यांवर त्यांनी स्वतंत्र ग्रंथ लिहिले. लईक फतेहअली यांच्यासह लिहिलेले 'कॉमन बर्ड्स' हे छोटे पुस्तक नॅशनल बुक ट्रस्टने १९६७ मध्ये काढले. त्यांचे सर्वांत मोठे काम म्हणजे अमेरिकी पक्षिशास्त्रज्ञ एस. डिलन रिप्ली यांच्यासह तयार केलेले 'हँडबुक ऑफ द बर्ड्स ऑफ इंडिया अँड पाकिस्तान'. १९६८ ते १९७४ या काळात त्याचे दहा खंड प्रसिद्ध झाले. भारतीय उपखंडातील सुमारे बाराशे जातींच्या पक्ष्यांची ओळख, प्रसार, स्थलांतर, आहार, आवाज आणि वीण यांची माहिती त्यात आहे. पहिला खंड निघाला तेव्हा सलीम अली सत्तरी ओलांडून गेले होते.

संस्था आणि स्थलांतराचा अभ्यास

स्वातंत्र्यानंतर बीएनएचएसचे अनेक इंग्रज सभासद देश सोडून गेले आणि संस्था आर्थिक अडचणीत आली. तिचा ग्रंथसंग्रह आणि नमुन्यांचा ठेवा विखुरला जाण्याची भीती होती. सलीम अली यांनी पंतप्रधान नेहरूंना पत्र लिहून साहाय्य मिळवले आणि संस्थेचा कारभार सावरला. त्यांच्या काळात ही संस्था हौशी शिकारी-निसर्गप्रेमींच्या मंडळातून संशोधनसंस्थेत रूपांतरित झाली. अनेक विद्यार्थ्यांनी तेथे त्यांच्या मार्गदर्शनाखाली संशोधन केले.

१९५७ मध्ये कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यात क्यासनूर अरण्यज्वर हा गोचिडीमार्फत पसरणारा विषाणुजन्य रोग आढळला. त्याचे विषाणू स्थलांतरित पक्ष्यांच्या अंगावरील गोचिडींतून उत्तरेकडून आले असावेत, अशी शंका होती. तिचा पडताळा घेण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने पक्ष्यांना कडी घालण्याचा मोठा कार्यक्रम संस्थेने हाती घेतला. हेलिगोलंड येथे तरुणपणी पाहिलेल्या तंत्राचा उपयोग अशा प्रकारे तीस वर्षांनी झाला. हजारो पक्ष्यांना कडी घातली गेली आणि मध्य आशिया व सायबेरियाशी भारताचे असलेले हवाई नाते प्रत्यक्ष पुराव्यानिशी स्पष्ट झाले. या प्रकल्पाच्या काही टप्प्यांना मिळालेल्या परदेशी निधीवरून पुढे वादही झाला.

संवर्धनकार्य

राजस्थानातील भरतपूरजवळची केवलादेव ही पाणथळ भूमी पूर्वी महाराजांच्या बदकशिकारीचे ठिकाण होते. स्वातंत्र्यानंतर तिचे पाणी काढून शेतजमीन करावी अशी मागणी झाली. सलीम अली यांनी तिचे महत्त्व नेहरूंच्या लक्षात आणून दिले आणि ती वाचली. केरळातील सायलेंट व्हॅली येथे जलविद्युत प्रकल्प होऊ घातला असता त्यांनी तेथील सदाहरित अरण्याच्या रक्षणासाठी आपले वजन खर्च केले. प्रकल्प रद्द होऊन १९८४ मध्ये तेथे राष्ट्रीय उद्यान जाहीर झाले.

राष्ट्रीय पक्षी निवडताना माळढोकाचा विचार व्हावा असे त्यांचे मत होते. गवताळ माळरानावर जगणारा हा पक्षी भारतात त्या वेळीही घटत होता आणि राष्ट्रीय पक्ष्याचा मान मिळाल्यास त्याच्या माळांकडेही लक्ष जाईल, असा त्यामागचा विचार होता. १९६३ मध्ये हा मान मोराला मिळाला. महाराष्ट्रात माळढोकासाठी सोलापूर-अहमदनगर भागात १९७९ मध्ये अभयारण्य घोषित झाले. विदर्भात वरोरा परिसरातही या पक्ष्याचे वास्तव्य होते. आज महाराष्ट्रातून तो जवळजवळ नाहीसा झाला आहे.

भरतपूर येथील चराईबंदी

केवलादेवला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाल्यानंतर १९८२ मध्ये तेथे गुरांच्या चराईवर बंदी घालण्यात आली. गुरेढोरे पाणथळ भूमीला अपाय करतात, असे त्या वेळी सलीम अली यांच्यासह अनेक तज्ज्ञांचे मत होते. आसपासच्या गावांतील लोकांचे जनावरांचे पोट पिढ्यान्‌पिढ्या याच कुरणावर भरत आले होते. त्यांनी बंदीला विरोध केला आणि पोलिसांच्या गोळीबारात काही ग्रामस्थ मृत्युमुखी पडले.

याच सुमारास बीएनएचएसने तेथे दीर्घकालीन परिस्थितिवैज्ञानिक अभ्यास चालवला होता. व्ही. एस. विजयन यांच्या नेतृत्वाखालील या अभ्यासातून अनपेक्षित निष्कर्ष पुढे आला. म्हशी पाण्यातले गवत चरत असल्याने पाण्याचा पृष्ठभाग मोकळा राहत होता. चराई थांबताच पास्पालम जातीचे गवत बेसुमार माजले, उथळ पाणी त्याने झाकून गेले आणि बदकांसारख्या पाणपक्ष्यांना व माशांना मोकळे पाणी कमी पडू लागले. म्हणजे ज्या जनावरांना परके मानले होते ती त्या परिसराच्या घडणीतील एक घटक झालेली होती. ज्या संस्थेला सलीम अली यांनी संशोधनाची सवय लावली, तिच्याच संशोधनाने त्यांच्या मताची मर्यादा दाखवून दिली. भारतातील वन्यजीव संवर्धनाच्या चर्चेत हे उदाहरण वारंवार दिले जाते. स्थानिक लोकांना वगळून आणि पुरेशा अभ्यासावाचून घेतलेला निर्णय माणसांना व पक्ष्यांना दोघांनाही महाग पडू शकतो, हा धडा त्यातून घेतला गेला.

व्यक्तिमत्त्व

सलीम अली हे कृश बांध्याचे, शिस्तप्रिय आणि मिश्कील वृत्तीचे होते. नोंदवहीतील हलगर्जीपणा आणि निरीक्षणाविना केलेली विधाने त्यांना खपत नसत. मोटारसायकलींचे त्यांना विलक्षण वेड होते. १९५० मध्ये स्वीडनमधील उप्साला येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय पक्षिशास्त्र परिषदेसाठी त्यांनी आपली सनबीम मोटारसायकल जहाजातून सोबत नेली आणि तिच्यावरून युरोपात प्रवास केला. आयुष्याच्या उत्तरार्धातही ते हिमालयातील मोहिमांत सहभागी होत राहिले.

सन्मान

एशियाटिक सोसायटीचे जय गोविंद लॉ सुवर्णपदक (१९५३), पद्मभूषण (१९५८), ब्रिटिश ऑर्निथॉलॉजिस्ट्स युनियनचे सुवर्णपदक (१९६७) आणि पद्मविभूषण (१९७६) हे त्यांना मिळालेले प्रमुख सन्मान होत. पदवी नसल्यामुळे एकेकाळी नोकरी नाकारल्या गेलेल्या या संशोधकाला अलीगढ, दिल्ली आणि आंध्र या विद्यापीठांनी सन्माननीय डॉक्टरेट दिली. जे. पॉल गेटी वन्यजीव संवर्धन पारितोषिकाची रक्कम त्यांनी निसर्गसंवर्धन निधी उभारण्यासाठी दिली. १९८२ मध्ये त्यांना राष्ट्रीय प्राध्यापक हा मान मिळाला आणि १९८५ मध्ये राज्यसभेवर त्यांची नियुक्ती झाली.

निधन आणि वारसा

कर्करोगाच्या दीर्घ आजारानंतर २० जून १९८७ रोजी मुंबई येथे वयाच्या नव्वदाव्या वर्षी सलीम अली यांचे निधन झाले.

१९९० मध्ये कोइंबतूर येथे त्यांच्या नावाने पक्षिविज्ञान व निसर्गेतिहास केंद्र स्थापन झाले. गोव्यातील चोडण बेटावरील खारफुटीचे पक्षी अभयारण्य आणि केरळातील थट्टेकाड येथील अभयारण्य त्यांच्या नावाने ओळखले जाते. थट्टेकाडच्या पक्षिवैभवाची नोंद त्यांनी त्रावणकोर सर्वेक्षणाच्या वेळी केली होती. छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद) येथील एका तलावालाही त्यांचे नाव आहे. दक्षिण भारतातील एका दुर्मीळ फलाहारी वटवाघळाला १९७२ मध्ये आणि हिमालयातील एका कस्तुरवर्गीय पक्ष्याला २०१६ मध्ये त्यांच्या नावावरून शास्त्रीय नाव देण्यात आले. मराठीत वीणा गवाणकर यांनी त्यांचे चरित्र लिहिले आहे.

महाराष्ट्र शासनाने २०२० पासून ५ ते १२ नोव्हेंबर हा आठवडा पक्षी सप्ताह म्हणून साजरा करण्यास सुरुवात केली. त्याचा आरंभ अरण्यलेखक मारुती चितमपल्ली यांच्या आणि समारोप सलीम अली यांच्या जन्मदिनी होतो. याच दिवसांत उत्तरेकडील स्थलांतरित पक्षी राज्यातील तलाव, धरणे आणि माळरानांवर उतरू लागलेले असतात. या सप्ताहात राज्यात ठिकठिकाणी पक्षिनिरीक्षणाचे कार्यक्रम आयोजित केले जातात.